वस्तीतली बाग, नाल्याकाठची वाट आणि टेकडी: काय मागायचं आणि काम कसं तपासायचं

सावलीखाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या बऱ्याच वस्त्यांत तीन गोष्टी हाताशी असतात: एकरभराचा बागेचा भूखंड, शेजारून जाणारा नाला आणि दीड-दोन किलोमीटरवर टेकडी. बागेला पैसे मंजूर झाले की कमान, कारंजं आणि रंगीत दिवे यांत संपतात. कारंजं दोन वर्षांत बंद पडतं. नाल्याकाठची वाट मधेच एखाद्या भिंतीला जाऊन थडकते, आणि टेकडीवर चालायला जायचं तर लोक आधी गाडी काढतात.

शहर नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (यूआरडीपीएफआय) प्रमाण दिलेलं आहे: ५,००० लोकवस्तीला अर्धा हेक्टर बाग, १५,००० ला १ हेक्टर, १ लाखाला ५ हेक्टर. पण नुसतं क्षेत्रफळ मोजून भागत नाही. १०० मीटर × १०० मीटरच्या बागेला एकाच बाजूला मधोमध फाटक असेल, तर मागच्या बाजूला अगदी भिंतीलगत राहणाऱ्याला ५० + १०० + ५० असे २०० मीटर वळसा घालून यावं लागतं. जाऊन-येऊन ४००. गुडघे दुखणारी आजी तिथे रोज येणार नाही. मागे एक छोटं फाटक काढलं की हे अंतर शून्य होतं, आणि त्याचा खर्च कारंजाच्या पंपापेक्षा कमी असतो.

म्हणून हा धागा. पूर्वगणनपत्रकात, म्हणजे कामाच्या खर्चाच्या अंदाजात, नेमकं काय मागायचं, काम चालू असताना काय बघायचं, हे ज्यांना त्या-त्या विषयातलं कळतं त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती. सुरुवात चालण्याच्या पट्ट्यापासून करू या. पेव्हर ब्लॉक, काँक्रीट की मुरूम?

मुरूमखडी

मुरूम. मात्र नीट केलेला.

एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटरचा चौरस. कुंपणापासून ३ मीटर आत पट्टा घेतला तर एक फेरी सुमारे २३० मीटरची होते. रुंदी २ मीटर धरली तर ४६० चौरस मीटर. दाबून १० सेंटीमीटर जाडी हवी असेल तर ४६ घनमीटर, आणि दाबताना मुरूम बसतो म्हणून सुटा साधारण ६० घनमीटर, म्हणजे २१ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). वर ४ सेंटीमीटर क्रशरची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, ती सुमारे ८ ब्रास. हे आकडे पूर्वगणनपत्रकाशी ताडून बघा. मुरूम १२ ब्रासच दाखवला असेल तर पट्टा ५-६ सेंटीमीटरचा होणार आणि पहिल्याच पावसात खालची माती वर येणार.

खाली काळी माती असेल तर ती ३० सेंटीमीटर खोल काढूनच टाकायची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर पेव्हर असो की काँक्रीट, सगळं वरखाली होतं. बागेतले पेव्हर उखडण्याची अर्धी कारणं इथेच सापडतात. उरलेली अर्धी झाडांच्या मुळांत.

मुरूम आला की पारखून घ्या. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश मुरूम, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. खडे लगेच बसतात, वाळू मिनिटाभरात, आणि चिकणमातीला तास-तास लागतात. दुसऱ्या दिवशी वरचा बारीक मातीचा थर एकूण गाळाच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड असेल तर तो मुरूम पावसात चिखल करणार, परत पाठवा. बारीक थर जवळजवळ नसेल तर तो बांधला जाणार नाही, चपलेखाली खडे घरंगळत राहतील.

दाबायचा तो दोन थरांत, आणि मुठीत धरला तर गोळा व्हावा पण हाताला पाणी सुटू नये इतपत ओला करून. कोरड्या मुरुमावर रोलर फिरवणं म्हणजे डिझेल वाया. पट्ट्याला एका बाजूला २ ते २.५ टक्के उतार, म्हणजे २ मीटर रुंदीत ४-५ सेंटीमीटर. आणि कडेचा कर्ब पट्ट्याहून उंच ठेवू नका. सगळीकडे हीच चूक दिसते: दोन्हीकडे उंच कर्ब, मधे पट्टा, म्हणजे पाण्याचं टाकंच झालं. कर्ब पट्ट्याच्या पातळीला हवा, नाहीतर दर ३ मीटरवर त्यात फट हवी.

पंचमी

मुरुमाची धूळ उडते त्याचं काय? दादरच्या शिवाजी पार्कच्या आसपासचे रहिवासी लाल मातीच्या धुळीबद्दल किती वर्षं तक्रार करताहेत.

मुरूमखडी

रास्त शंका. मोकळ्या मैदानावर आणलेली सुटी लाल माती आणि दाबलेला मुरूम यांत फरक आहे. मैदानावर पाय सतत वाटेल त्या दिशेने पडतात, पृष्ठभाग सुटा होतो, आणि दिवाळीनंतर वारा तो उचलतो. पट्ट्यावर कचेचा थर नीट बसला असेल तर धूळ बरीच कमी राहते. तरी नोव्हेंबर ते मे आठवड्यातून दोनदा हलका शिडकावा हवाच. ४६० चौरस मीटरला दर वेळी १ लिटर प्रति चौरस मीटर धरा, म्हणजे अर्धा हजार लिटरही नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, दीड-दोन ब्रास कच टाकून खड्डे भरून घ्यायचे. ही ओळ देखभालीच्या निविदेत लिहून घ्या. नसेल तर तिसऱ्या वर्षी कुणीतरी "पट्टा खराब झाला" म्हणून त्यावर काँक्रीट ओतेल.

उताराचं_गणित

मुरुमाला विरोध नाही, पण चाकाच्या खुर्चीसाठी आणि बाळाच्या ढकलगाडीसाठी एक वाट कडक पृष्ठभागाची हवीच: फाटकापासून बाकांपर्यंत, स्वच्छतागृहापर्यंत आणि पाण्याच्या नळापर्यंत. रुंदी १.८ मीटर, म्हणजे दोन खुर्च्या समोरासमोरून जातात. उतार १२ ला १ पेक्षा जास्त नको, आणि लांब चढ असेल तर दर ९ मीटरवर सपाट विसावा. वाटेवर पाण्याची जाळी असेल तर तिच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या फटीत पुढचं लहान चाक अडकून खुर्ची उलटते.

फाटकावर दुचाकी अडवायला इंग्रजी यू आकाराचे पाइप किंवा फिरती चक्रं लावतात. त्यातून दुचाकी अडते, आणि खुर्चीही अडते. खरं सांगायचं तर रुंदीच्या हिशोबाने हा प्रश्न सुटत नाही: दुचाकीचं हँडल ७०-८० सेंटीमीटर, खुर्ची ६५-७०, आणि खुर्ची ढकलणाऱ्याच्या हाताला जागा लागते म्हणून मोकळी फट ९० हवी. खांब ९० वर लावा आणि मुख्य फाटकावर माणूस ठेवा. दुचाकीच्या भीतीने सगळी फाटकं अडवली तर ज्यांना बागेची सगळ्यात जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

बाकांबद्दलही बोलून घेते. बसायची उंची ४५ सेंटीमीटर, पाठ हवी, आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण म्हातारं माणूस उठताना हातावर जोर देतं. ग्रॅनाइटचा बिनपाठीचा ठोकळा दिसायला छान, पण त्यावर दहा मिनिटांहून जास्त कुणी बसत नाही. मे महिन्यात तर दुपारी चारला त्याला हातही लावता येत नाही.

करंज

आता झाडं. पूर्वगणनपत्रकात "शोभेची झाडं, २०० नग" असं लिहिलेलं असतं आणि त्यात फॉक्सटेल पाम येतात. पामची सावली पडत नाही. सावली नसलेल्या बागेत मार्च ते मे कुणी फिरकत नाही, म्हणजे वर्षातले तीन महिने बाग बंद.

आपल्याकडे सावली नेमकी कधी हवी ते बघून झाड निवडा. बहावा फुलतो तेव्हा बराचसा उघडा असतो, पळस तर पूर्ण निष्पर्ण. गुलमोहर ऐन एप्रिलमध्ये सावली देत नाही आणि त्याच्या फांद्या वादळात तुटतात. करंजाला मात्र त्याच सुमाराला कोवळी पालवी येते आणि मे महिन्यात दाट सावली असते. कडुनिंबही तसाच. म्हणून पट्ट्याच्या पश्चिमेला करंज, कडुनिंब. फुलांसाठी बहावा, कांचन, ताम्हण मधे-मधे. सप्तपर्णी इमारतींना लागून नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांचा वास रात्री घरात शिरतो आणि पुष्कळांना सोसत नाही. वड, पिंपळ, उंबर लावा, जरूर लावा, पण भिंत आणि ड्रेनेजपासून १० मीटर दूर, पक्ष्यांसाठी.

खड्डा मुरमाड जमिनीत १ मीटर लांब-रुंद-खोल. रोप ६ ते ८ फुटांचं, लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. जूनच्या पहिल्या शिडकाव्यावर लावलेली रोपं मधल्या उघडिपीत जातात. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी. आणि संरक्षक जाळी तीन-चार वर्षांनी काढायची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवा. पुण्यात खोडात रुतलेल्या जाळ्या जागोजाग दिसतात. साल कापली जाते आणि झाड तिथूनच मोडतं.

खोडाभोवती १ मीटर जागा उघडी. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. पाणी आणि हवा मुळांना तिथूनच मिळते.

राहिलं लॉन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे लॉनला रोज चौरस मीटरला ५ लिटर पाणी लागतं. एकराच्या बागेत निम्मं, म्हणजे २,००० चौरस मीटर लॉन केलं, तर रोज १०,००० लिटर. रोज एक टँकर. ज्या भागात नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे हे करू नये.

पंचमी

करंज, इथे मी सहमत नाही. मुलांना लोळायला, रांगायला, पकडापकडी खेळायला गवतच लागतं. मुरुमावर गुडघे फुटतात. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी दुसरी जागा कुठली उरली आहे? सगळ्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फरशी आहे.

करंज

मान्य, माझं वाक्य जरा सरसकट झालं. ३०० चौरस मीटरचं लॉन ठेवा, रोज दीड हजार लिटर, आणि ते सांडपाण्याच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यावर. ते संध्याकाळी मुलांच्या अंगाला लागू नये म्हणून पहाटे द्यायचं. बाकी जागेत झाडांखाली पानगळ तशीच राहू द्या. साध्या हरळीवर मुलं छान खेळतात, तिला पाणी लॉनपेक्षा कमी लागतं, ती उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पावसात पुन्हा उठते. घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली ३० सेंटीमीटर वाळू घाला, रबरी फरशी नको, ती एप्रिलच्या उन्हात पाय भाजवते. वाळू मात्र महिन्यातून एकदा चाळून उलथवायला हवी, आणि रात्री कुत्री-मांजरं येत असतील तर झाकायला हवी.

टेकडीकर

बागेतून टेकडीकडे येतो. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, तळजाई, पर्वती-पाचगाव: पुण्याची ही खरी मोठी उद्यानं आहेत आणि बहुतेक ठिकाणी वाटा लोकांच्या पायांनी पडलेल्या आहेत. त्यामुळे त्या सरळ उतारावरून खाली येतात, आणि पाणीही त्यांच्यावरूनच खाली येतं. वेताळ टेकडीच्या उतारावर अशा वाटा पाहिल्या तर मधे गुडघाभर घळ आणि दोन्ही बाजूंना नव्या समांतर वाटा दिसतील, कारण घळीतून चालता येत नाही म्हणून लोक बाजूने चालतात. पाच वर्षांत दीड मीटरची वाट सहा-सात मीटरची होते.

वाट आखण्याचा नियम सोपा आहे. टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला देऊ नये. उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत, आणि सरासरी १० टक्के धरली तर टिकते. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला ३ ते ५ टक्के झुकता ठेवायचा, म्हणजे पाणी आडवं ओलांडून जातं, वाटेच्या लांबीने वाहत नाही. दर १५-२० मीटरवर वाटेला दोन-तीन पावलांची हलकी उलटी चढण द्यायची. पाणी तिथे अडून बाहेर पडतं. जुन्या वाटेवर हे जमत नसेल तर तिरका दगडी बांध घाला: मोठे दगड, दोन तृतीयांश जमिनीत गाडलेले, वाटेला साधारण ४५ अंशात. आडवा ९० अंशात घातला तर मागे गाळ साठून एका पावसाळ्यात पाणी वरून वाहायला लागतं.

सिमेंटच्या पायऱ्या मागू नका. लोक पायऱ्यांवरून चढतात पण उतरताना कडेच्या मातीवरून उतरतात, आणि कड खचली की पायरी अधांतरी राहते.

सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे, एकाच पातळीत काढलेले चर, खणताना एक चूक हमखास होते. चर थेट वाटेला आणून सोडतात. भरलेला चर वाटेवर फुटला की सगळं पाणी एकाच जागी उतरतं. चर वाटेच्या २-३ मीटर आधी थांबवा.

आणि झाडं लावताना टेकडी उघडी दिसते म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावू नका. या टेकड्यांवर आधीच्या वनीकरणात ते भरपूर लागलं आहे, आपोआप पसरतं, आणि त्याखाली स्थानिक गवत आणि झुडपं वाढत नाहीत. गवताळ माळ हे इथलं मूळ रूप आहे. चंडोल आणि तितर यांना मोकळं गवतच लागतं.

रेवा_ना

शॉर्टकट बंद कसे करायचे? पाटी लावली तर कुणी वाचत नाही.

टेकडीकर

पाटी नकोच. वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला, जिथून तो शॉर्टकट नजरेला पडतो तिथे १०-१२ मीटर लांबीत बाभळीच्या-बोरीच्या वाळलेल्या फांद्या टाका, बुंधे थोडे गाडा. मधे आडवे दगड ठेवा म्हणजे माती साठते आणि गवत धरतं. जमीन वाटेसारखी दिसायची थांबली की लोक जायचे थांबतात. पण त्याच वेळी योग्य वाट चांगली चालण्याजोगी करायला हवी, नाहीतर फांद्या आठवड्यात बाजूला होतात. जागा वन खात्याची असेल तर त्यांची परवानगी घेऊन, आणि फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) झालेल्या आहेत ना हेही विचारून.

नाना_दादरकर

शिवाजी पार्कचं नाव धुळीसाठी निघालं, तर त्याची चांगली बाजूही सांगतो. १९२५ पासून ते लोकांचं आहे आणि त्याच्या भोवतीचा कट्टा ही नगररचनेतली फार शहाणी गोष्ट आहे. तीच हद्द, तेच बसायचं बाक. रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं, आतून रस्ता दिसतो. मैदानाला आठ फुटी भिंत घातली असती तर संध्याकाळी सातनंतर बायका तिथे बसल्याच नसत्या. आपल्या एकराच्या बागेला भिंत मागण्याआधी दोन फुटी कट्टा आणि वर साधं उघडं कुंपण हा पर्याय बघा. झुडपं पट्ट्याकडेला कमरेच्या खाली, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर, ८ फुटांपर्यंत साफ.

मलबार हिलला २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा उन्नत मार्ग झाला, ४८५ मीटरचा, २.४ मीटर रुंद. बघायला सुंदर आहे आणि त्याला गर्दी होते. पण तिकीट काढून जायची ती जागा आहे, सहलीची. वस्तीच्या रोजच्या चालण्याला ती उत्तर नाही, आणि नगरसेवकांनी तिचा फोटो दाखवून आपल्या प्रभागात तसं काही मागितलं तर त्याच पैशात किती फाटकं, किती झाडं आणि किती वर्षांचा माळी येतो हे त्यांच्यासमोर मांडा.

सावलीखाली

नाना, कट्ट्याची सूचना लिहून घेतली. वेळा आणि दिवे यांबद्दल कुणी सांगेल का? पुण्यात बऱ्याच बागा दुपारी बंद असतात.

उताराचं_गणित

दुपारी बंद ठेवण्याचं कारण बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांच्या पाळ्या हेच असतं. पण घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, डिलिव्हरीची मुलं, यांना सावलीत बसायला दुपारचीच वेळ असते. बंगळुरूत २०२४ मध्ये उद्यानं पहाटे ५ ते रात्री १० उघडी ठेवायचं जाहीर झालं. आपल्याकडेही निवेदन देताना हा दाखला जोडा.

दिवे: ४ मीटरचे खांब, प्रकाश खालीच पडेल अशी टोपी, उबदार पिवळसर ३००० केल्विन. खांबांतलं अंतर १५ मीटरच्या आसपास, म्हणजे मधे काळोखाचे पट्टे राहत नाहीत. ९ मीटरच्या हायमास्टने उजेड झाडांच्या शेंड्यावर पडतो आणि पट्ट्यावर सावली. खांबांच्या जागा झाडांच्या जागा ठरल्यावर ठरवा. टेकडीवर मात्र दिवे नकोतच.

नकाशेवाला

जागाच हातची गेली तर वरचं सगळं व्यर्थ, म्हणून हे.

रेखांकनातली (लेआउटमधली) खुली जागा आणि शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ही तरतूद २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. ती जागा त्या रेखांकनातल्या रहिवाशांसाठी असते. मंजूर नकाशा काढून बघा, पुष्कळ ठिकाणी तिथे पार्किंग किंवा ट्रान्सफॉर्मर सापडतो.

आरक्षणाचं वेगळं. एमआरटीपी कायदा १९६६ (महाराष्ट्राचा नगररचना कायदा), कलम १२७: आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. हे फार शांतपणे घडतं. म्हणून माहिती अधिकारात नेमकं विचारा: आमच्या प्रभागातली उद्यान आणि क्रीडांगणाची आरक्षणं, आराखडा मंजुरीची तारीख, कलम १२७ खाली आलेल्या सूचना आणि त्यांच्या तारखा, प्रत्येकावर केलेली कार्यवाही. भाग नकाशा आणि झोन दाखला सोबत मागा. आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते, रोज बघणारा एक माणूस वस्तीत ठरवून ठेवा.

टेकड्यांसाठी पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांत जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. सुमारे ९७८ हेक्टर. त्यातली बरीच जमीन खासगी आहे, म्हणून संपादन आणि मोबदला हाच तिथला खरा प्रश्न आहे. नुसतं "टेकडी वाचवा" म्हणून चालणार नाही, मोबदल्याच्या दराबद्दलही नागरिकांनी भूमिका घ्यायला हवी.

छोट्या कामांसाठी पुणे महापालिकेत नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. एका अर्जात एकच काम लिहा, सर्व्हे नंबरासकट: "मागील बाजूस १.२ मीटर रुंद फाटक". "बागेचा विकास" असं लिहिलं की त्यातून कमानच निघते.

रेवा_ना

नाल्याकाठची वाट राहिली.

मुरूमखडी

ती बुडणार असं गृहीत धरूनच करायची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुण्याला माहीत आहे. नाल्याचं पात्र अरुंद करून, भराव घालून वाट करू नका. वाट काठाच्या वरच्या पायरीवर हवी, दगडी किंवा मुरुमाची, आणि पूर ओसरल्यावर धुऊन काढण्याजोगी. जाळीचं रेलिंग लावू नका, त्यात प्लास्टिक आणि फांद्या अडकून त्याचा बांध होतो. उभे सुटे खांब, मधे एकच आडवा पाइप. काठाला काँक्रीटच्या भिंतीऐवजी जाळीतले दगड, मागे पाणी साठत नाही आणि त्यांत झुडपं धरतात. पुलाखालून वाट न्यायची असेल तर डोक्यावर २.४ मीटर मोकळं हवं. तेवढं नसेल तर वाट वर रस्त्यावर आणा आणि तिथे झेब्रा पट्टे मागा. तेही नसेल तर वाट तिथेच तुटते.

पंचमी

शेवटची शंका. काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना आपण हजर राहू शकतो का? आणि बघायचं काय?

नकाशेवाला

हजर राहायला कुणी अडवत नाही, बाग सार्वजनिक आहे. मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीच्या) प्रती माहिती अधिकारात मिळतात. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आणि कधीपासून, ते कार्यादेशात लिहिलेलं असतं, त्याची प्रत आधीच घेऊन ठेवा.

मुरूमखडी

बघायचं ते पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासात. पट्ट्यावर कुठे पाणी उभं आहे त्याचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून. २ सेंटीमीटरहून खोल डबकं असेल तर उतार चुकला आहे. दोन-तीन ठिकाणी छोट्या पहारीने खणून थराची जाडी मोजा. १४ ऐवजी ८ निघाली तर फोटोसह लेखी कळवा, दोषदायित्वाच्या मुदतीत. बाकांचे बोल्ट हलवून बघा, ओपन जिमच्या प्रत्येक यंत्राचा पाया हलतो का ते बघा. आणि मागचं फाटक उघडं आहे ना, की उद्घाटनानंतर त्याला कुलूप लागलं, हे दर आठवड्याला.